गल्ल्यात न मावणारे भांडवल

व्यापारी घराण्यात मुलाविषयी दोन प्रश्न हमखास विचारले जातात. मुलगा काय करतो, आणि त्यात त्याला काय सुटते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एके काळी सोपे होते. आडत, कापड, किराणा, भांडी, सोने-चांदी. पेढीवर बसणाऱ्या मुलाचे काम चारचौघांच्या डोळ्यांसमोर चाले. मालाला वजन होते, कापडाच्या ताग्याला लांबी होती आणि दिवसाअखेर रोजमेळ जुळला की दिवस सार्थकी लागत असे. आज त्याच घरांतील मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात संगणकाच्या पडद्यासमोर बसतात आणि ज्याला वजन नाही, लांबी नाही असा माल घडवतात. वडिलांना पगाराचा आकडा समजतो, काम समजत नाही. मुलाला काम समजते. परंतु ते कोणासाठी आणि कशासाठी, या प्रश्नाला त्याच्या दिनक्रमात जागा नसते.

हाच प्रश्न अगदी कोवळ्या वयात आणि विलक्षण नेटाने विचारणारा एक तरुण अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव ॲरन स्वार्ट्झ. ८ नोव्हेंबर १९८६ रोजी शिकागोजवळच्या हायलँड पार्क येथे त्याचा जन्म झाला आणि ११ जानेवारी २०१३ रोजी, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, त्याचे जीवन संपले. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. तथापि त्याची खरी ओळख त्याने लिहिलेल्या प्रणालींपेक्षा त्याने मांडलेल्या विचारांत अधिक आहे. काम, कल्पना, शिक्षण आणि समाज या चारही विषयांवर त्याने सातत्याने लिहिले आणि जे लिहिले ते जगून पाहिले. त्याचे सर्वच निर्णय अनुकरणीय होते असे नाही. त्याच्या आयुष्याचा जमाखर्च मांडताना दोन्ही बाजू सारख्याच काळजीने लिहाव्या लागतात.

शिक्षणापासून आरंभ करणे योग्य ठरेल. ॲरनचे वडील सॉफ्टवेअरच्या व्यवसायात होते, त्यामुळे संगणक त्याच्या घरात लहानपणापासूनच होता. कोणालाही भर घालता यावी असा माहितीकोश त्याने बारा-तेराव्या वर्षी तयार केला आणि त्यासाठी २००० साली त्याचा गौरव झाला. विकिपीडियाचा आरंभ त्यानंतर, जानेवारी २००१ मध्ये झाला. संकेतस्थळांवरील नवा मजकूर वाचकापर्यंत आपोआप पोहोचवणारी एक प्रमाणपद्धती ठरवण्यासाठी जे तज्ज्ञ एकत्र आले होते, त्यांच्या गटात हा चौदा वर्षांचा मुलगा बरोबरीने काम करीत होता. पत्रव्यवहार संगणकावरून चाले. त्यामुळे त्याचे वय सहसा कोणी विचारीत नसे.

असा मुलगा शाळेत रमला नाही, याचे आश्चर्य वाटू नये. नववीनंतर त्याने शाळा सोडली. शाळेत मिळते ते शिक्षण नसून आज्ञापालनाची सवय आहे, असे त्याचे मत झाले होते. घंटा वाजली की विषय बदलायचा, प्रश्न शिक्षकाने विचारायचे, उत्तर पुस्तकात असायचे; अशा व्यवस्थेत जिज्ञासा वाढत नाही, ती हळूहळू मरते, असे तो म्हणे. पुढे २००४ मध्ये त्याने स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला आणि एका वर्षात तेही सोडले. परंतु शाळा सोडणे आणि शिकणे सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ॲरनचे वाचन अफाट होते. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र या विषयांची पुस्तके तो वाची आणि वर्षअखेरीस वाचलेल्या पुस्तकांची यादी अभिप्रायांसह प्रसिद्ध करी. औपचारिक शिक्षणाचा खर्च वाचवून त्याने शिक्षण फुकटात मिळवले असे नव्हे. त्याने त्याची किंमत वेळेच्या आणि परिश्रमाच्या रूपाने मोजली, आणि ती किंमत पदवीच्या शुल्काहून कमी नव्हती. ‘त्याने कॉलेज सोडले, मग मी का नको?’ असे विचारणाऱ्या मुलाला ही दुसरी बाजूही दाखवली पाहिजे.

कामाविषयीचे त्याचे विचार व्यापारी वाचकाला अधिक जवळचे वाटतील. २००५ च्या उन्हाळ्यात नवोदित उद्योजकांना अल्प भांडवल आणि मार्गदर्शन देणाऱ्या वाय कॉम्बिनेटर या संस्थेच्या पहिल्याच तुकडीत त्याची निवड झाली. त्याचा उपक्रम पुढे रेडिट या कंपनीत विलीन झाला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये काँडे नास्ट या प्रकाशनसंस्थेने रेडिट विकत घेतली. वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधीच त्याच्या हाती चांगली रक्कम आली. व्यवहाराच्या रूढ हिशेबाने पाहता मुलगा ‘सेटल’ झाला होता. प्रत्यक्षात नव्या मालकांच्या कचेरीत त्याचे मन लागेना. काही महिन्यांतच, २००७ च्या आरंभी, तो त्या नोकरीतून बाहेर पडला. पैसा हा त्याच्या दृष्टीने कामाचा शेवट नव्हता. पुढचे काम मनाजोगे निवडण्याची ती मोकळीक होती. भांडवलाची ही व्याख्या वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, परंतु ती चुकीची म्हणता येणार नाही.

काम नीट कसे करावे यावरही त्याने लिहिले. सर्व वेळ सारखा नसतो, असे त्याचे निरीक्षण होते. ताज्या मनाचा एक तास आणि थकल्या मनाचा एक तास घड्याळात सारखेच दिसतात. पण त्यांची किंमत वेगळी असते. म्हणून अवघड काम ताज्या वेळेसाठी राखावे आणि हलके काम उरलेल्या वेळेत करावे. ज्या दुकानदाराला सकाळच्या बोहनीचे आणि दुपारच्या मंदीचे गणित ठाऊक आहे, त्याला यात नवे काही वाटणार नाही. परंतु ते गणित स्वतःच्या मनाला लावण्याची सवय फार थोड्यांना असते.

२०१२ मध्ये त्याने लिहिलेल्या लेखमालेतील एक लेख प्रत्येक पेढीच्या मालकाने विचारात घ्यावा असा आहे. त्यात कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील मोटार कारखान्याची हकिगत येते. जनरल मोटर्सचा हा कारखाना कामगारांची गैरहजेरी, भांडणे आणि सदोष गाड्या यांसाठी कुप्रसिद्ध होता आणि १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा कामावर घेतलेले बहुतेक कामगार जुनेच होते. बदलली ती पद्धत. दोष दिसताच साध्या कामगारालाही दोरी ओढून मदत मागण्याचा, गरज पडल्यास संपूर्ण उत्पादन थांबवण्याचा अधिकार मिळाला. थोड्याच काळात त्या कारखान्याच्या गाड्या गुणवत्तेसाठी नावाजल्या जाऊ लागल्या. ॲरनने काढलेला निष्कर्ष सरळ होता. चूक झाली की माणसाला दोष देण्याची घाई होते. परंतु तीच चूक वारंवार होत असेल तर माणसाभोवतीची व्यवस्था तपासली पाहिजे. पेढीवरील मुनीम दर महिन्याला त्याच जागी चुकत असेल, तर मुनीम बदलण्याआधी नोंदीची रीत बदलून पाहणे शहाणपणाचे ठरते.

कल्पनांच्या बाबतीत त्याचा एक विशेष होता. सर्वमान्य समजुतीवर तो विसंबून राहत नसे. स्वतः मोजून पाही. विकिपीडिया प्रत्यक्षात काही शेकडा नियमित संपादकच लिहितात, असा त्या काळी समज होता, आणि तो विकिपीडियाच्या संस्थापकांनीच मांडला होता. त्यासाठी कोणी किती वेळा संपादन केले, याची मोजणी आधाराला घेतली होती. ॲरनने २००६ मध्ये वेगळी मोजणी केली. किती वेळा बदल केला हे न पाहता, अंतिम लेखात कोणाची किती अक्षरे टिकली हे त्याने पाहिले. तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. मूळ मजकुराचा मोठा भाग त्या त्या विषयाची माहिती असलेल्या, क्वचितच येणाऱ्या, बहुधा नावही न नोंदवलेल्या लोकांनी लिहिला होता. नियमित मंडळी मुख्यतः शुद्धलेखन, मांडणी आणि वर्गीकरण सुधारीत होती. दोन्ही कामे आवश्यकच होती. परंतु श्रेय एकाच गटाच्या खात्यावर जमा होत होते. काय मोजले यावर निष्कर्ष कसा अवलंबून असतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. ज्यांनी आयुष्यभर ताळेबंद वाचले, त्यांना त्याचे मर्म सांगावे लागणार नाही.

येथून त्याचा मुख्य प्रश्न उभा राहतो: ज्ञान कोणाच्या मालकीचे? साखरेचे एक पोते विकले की गोदामातील एक पोते कमी होते. एखादा शोधनिबंध दुसऱ्याला वाचायला दिला तर देणाऱ्याजवळचे काहीच कमी होत नाही. संगणकाच्या युगात त्याची दुसरी प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे. मात्र पहिली प्रत फुकट तयार होत नाही. संशोधनाला पैसा लागतो, संपादनाला माणसे लागतात, जुनी नियतकालिके शोधून त्यांच्या प्रतिमा घेऊन ती जतन करण्यास खर्च येतो. तो खर्च कोणी सोसावा, यावरच सारा वाद आहे. रूढ पद्धतीत बहुतांश संशोधकांना पगार वा अनुदान सार्वजनिक निधीतून मिळते, निबंधांचे परीक्षण करणारे विद्वान बहुधा मोबदला घेत नाहीत आणि तरीही छापलेले नियतकालिक त्याच विद्यापीठांच्या ग्रंथालयांना वर्गणी भरून घ्यावे लागते. ज्याचे संस्थेत नाव नाही, त्याला एकेका निबंधासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. करदात्याने एकदा संशोधनासाठी पैसे दिले आणि वाचण्यासाठी पुन्हा द्यावे, हे ॲरनला अन्यायाचे वाटे.

या प्रश्नाची काही उत्तरे त्याने विधायक मार्गाने शोधली. वयाच्या पंधराव्या वर्षी तो क्रिएटिव्ह कॉमन्स या उपक्रमाच्या तांत्रिक बाजूसाठी काम करू लागला. त्या उपक्रमाचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले. लेखकाने आपला हक्क सोडायचा नाही; परंतु कोणाला, कोणत्या अटीवर कृती वापरता येईल हे आधीच लिहून ठेवायचे, म्हणजे प्रत्येक वेळी परवानगी मागावी लागत नाही. प्रत्येक पुस्तकासाठी एक स्वतंत्र पान असावे, या हेतूने उभ्या राहिलेल्या ओपन लायब्ररीच्या उभारणीतही त्याचा मोठा वाटा होता. २००८ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयांची कागदपत्रे त्याच्या लक्षात आली. ही कागदपत्रे सार्वजनिक असूनही ती पाहण्यास प्रत्येक पानामागे आठ सेंट आकारले जात. प्रयोगादाखल १७ ग्रंथालयांत ती विनामूल्य उपलब्ध झाली, तेव्हा एका संगणक-आज्ञावलीच्या साहाय्याने त्याने सुमारे दोन कोटी पाने उतरवून सार्वजनिक उपयोगासाठी दिली. संघीय तपास यंत्रणेने चौकशी केली आणि कोणताही आरोप न ठेवता प्रकरण बंद केले.

यानंतरचा प्रसंग मात्र तितक्या सहज मिटला नाही. २०१० च्या अखेरीस मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या जाळ्यातून त्याने जेस्टोर या ना-नफा संस्थेच्या संग्रहातील चाळीस लाखांहून अधिक लेख उतरवून घेतले. त्यासाठी तारांच्या खोलीत त्याने आपला संगणक लपवून जोडला होता. ६ जानेवारी २०११ रोजी त्याला अटक झाली. त्याने लेख परत केले आणि जेस्टोरने आपल्या बाजूने प्रकरण मिटवले. सरकारी वकिलांनी मात्र खटला चालवला. जुलै २०११ मध्ये चार आरोप ठेवले गेले. त्यांना ३५ वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकत होता. सप्टेंबर २०१२ मध्ये आरोपांची संख्या तेरा झाली. गुन्हा कबूल केल्यास सुमारे सहा महिन्यांची शिक्षा सुचवू, अशी तडजोड पुढे आली. ती त्याला मान्य नव्हती. ते लेख तो जगासमोर ठेवणार होता की अभ्यासासाठी वापरणार होता, याचा निर्णय न्यायालयात कधीच झाला नाही, कारण सुनावणी सुरू होण्यापूर्वीच त्याने आपले जीवन संपवले. त्यानंतर आरोप मागे घेण्यात आले.

या प्रकरणाकडे पाहताना दोन टोके टाळली पाहिजेत. हेतू चांगला म्हणून साधन योग्य ठरते, असे मानले तर व्यवहाराचा पायाच ढासळतो. जेस्टोर ही काही नफेखोरी करणारी कंपनी नव्हती. तिचा खर्च वर्गणीवरच चालत होता. कुलूप चुकीच्या दाराला लावले आहे असे वाटले, म्हणून रात्री ते उघडणे हे नियमाने चालणाऱ्या समाजात सहजासहजी मान्य होणार नाही. दुसरीकडे, शिक्षा अपराधाच्या प्रमाणात असावी हेही न्यायाचे तितकेच मूलभूत तत्त्व आहे. ज्या कृत्यातून कोणी पैसा कमावला नाही आणि ज्याचे मूळ धनी तक्रार पुढे नेण्यास उत्सुक नव्हते, त्यासाठी दशकांच्या कारावासाची टांगती तलवार विवेकी माणसाला पटणे कठीण आहे. थकबाकीदार आणि लुटारू यांना एकच कलम लावणारी व्यवस्था धाक निर्माण करते, विश्वास निर्माण करत नाही.

समाजाविषयीची त्याची तळमळ केवळ या एका प्रसंगाने मोजणे अन्यायाचे होईल. कॉपीराइटच्या कायद्याचे विख्यात अभ्यासक लॉरेन्स लेसिग यांना त्यानेच सुचवले की राजकारणातील पैशाचा प्रभाव दूर झाल्याशिवाय कोणताही कायदा सुधारणार नाही. तो आपला विषय नाही, असे लेसिग यांनी म्हणताच ॲरनने त्यांना विचारले की अभ्यासक म्हणून विषय नसेल, पण नागरिक म्हणून? त्या प्रश्नाने आपल्या कार्याची दिशा बदलली, असे लेसिग यांनी पुढे अनेकदा सांगितले. इंटरनेटवरील मजकूर रोखण्याचे अतिव्यापक अधिकार देऊ पाहणाऱ्या विधेयकांविरुद्ध २०१० पासून त्याने लोकमत संघटित केले. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियासह हजारो संकेतस्थळांनी निषेध नोंदवला आणि दोनच दिवसांत ती विधेयके बाजूला ठेवण्यात आली. लपवलेल्या संगणकाने जे साधले नाही, ते उघडपणे आणि बहुसंख्यांना सोबत घेऊन केलेल्या कामाने साधले.

त्याच्या मृत्यूनंतर दीड महिन्यात, फेब्रुवारी २०१३ मध्ये, अमेरिकी प्रशासनाने सरकारी निधीतून झालेले संशोधन वर्षभरात सर्वांसाठी खुले करण्याचे निर्देश मोठ्या संशोधन-संस्थांना दिले. वर्षभर थांबण्याची ही अट २०२२ मधील निर्देशांनी काढून टाकली. या धोरणाची मागणी जुनी होती आणि तिच्यामागे अनेकांचे श्रम होते. परंतु ॲरनचा प्रश्न अवास्तव नव्हता, एवढे त्यातून निश्चित दिसते. भारतातही नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेस मान्यता दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक, असा तिचा आवाका आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही आता तेच निबंध वाचता येतील, जे पूर्वी मोजक्या श्रीमंत संस्थांतच मिळत. तरीही ही योजना वर्गणी भरण्याचीच आहे. दार उघडले ते संस्थेच्या ओळखपत्रावर. कोणत्याही महाविद्यालयात नाव नसलेला जिज्ञासू माणूस, स्वतःच्या उद्योगासाठी नवे तंत्र शोधणारा छोटा कारखानदार, हे अजून दाराबाहेरच आहेत.

ॲरनच्या आयुष्याचा एक धडा धोरणांशी संबंधित नाही. तो घराशी संबंधित आहे. मनाला वारंवार ग्रासणाऱ्या खिन्नतेविषयी त्याने २००७ मध्येच लिहिले होते. त्याच्या मृत्यूचे कारण एकाच गोष्टीत शोधणे योग्य नाही. माणसाच्या मनाचा हिशेब इतका सरळ नसतो. परंतु बुद्धिमान मुलाला मदतीची गरज नसते, हा समज मात्र घातक आहे. व्यापारी घरांत मंदी, बुडीत उधारी, भागीदारीतील तंटे यांविषयी रात्री उशिरापर्यंत चर्चा चालते; मनावरील ओझ्याविषयी सहसा बोलले जात नाही. ‘तू हुशार आहेस, निभावून नेशील’ हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते. पण ऐकणाऱ्याला त्यात आपले म्हणणे संपल्याचे ऐकू येते. ज्या घरात नुकसान झाल्याचे न घाबरता सांगता येते, त्याच घरात मन खचल्याचेही सांगता येईल. त्यानंतर डॉक्टरांकडे जाणे हे ताप आल्यावर जाण्याइतकेच साधे वाटले पाहिजे.

महिन्याच्या सुटीवर घरी आलेल्या मुलाला पॅकेज किती, पदोन्नती केव्हा, घर कोठे घेणार हे विचारले जातेच, आणि त्यात वावगे काही नाही. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारता येईल: तू जे बनवतोस, ते कोणाच्या उपयोगी पडते? पहिल्या वेळी तो कदाचित हसेल, कदाचित चार तांत्रिक शब्द सांगून विषय टाळील. वडिलांनी ते शब्द समजेपर्यंत विचारीत राहावे. मुलाला आपले काम पेढीवरच्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगावे लागले, तर त्या कामाचा अर्थ त्याचा त्यालाही अधिक स्पष्ट होईल. आणि एखाद्या दिवशी त्याला कामाखेरीज दुसरे काही सांगायचे असेल, तेव्हा ऐकणारा माणूस समोर बसलेला असेल.